पांढऱ्या रश्श्यातली हळद

कोल्हापूर, मंगळवार

विजयसिंह पावणं यांस केरबाचा सप्रेम रामराम.

पेठ वडगावात सगळी खुशाल असालच. वहिनींची कंबर आणि तुमचा राग, दोन्ही उतरणीला लागलं असेल. तुमची बहीण अंबू रुसून तुमच्याकडे आल्याला नऊ दिवस झाले. तिला परत धाडा, असं सांगायला हे पत्र नाही. (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र.) विषय निव्वळ माझ्या काळजाचा आहे.

गेल्या महिन्यात ठोके बेताल पडायला लागले म्हणून डॉक्टरांनी एक बारकी गोळी दिली. रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी. आता मी तीस वर्षं उद्यमनगरात लेथ चालवलेला माणूस. सुट्टीचा माल आदल्या दिवशीच काढून ठेवायचा, ही आमची रीत. म्हणून मी शुक्रवारी तीन गोळ्या घ्यायचो. (डॉक्टरांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.) चौथ्या आठवड्यात अन्नावरची वासना गेली आणि सगळं पिवळट दिसायला लागलं. मला वाटलं, नव्या बल्बचा उजेड. नेमके त्याच रविवारी उचगावचे नवे व्याही जेवायला. वाटी समोर आली आणि मी चारचौघांत ओरडलो, "अगं, पांढऱ्यात हळद घातलीस व्हय?" ती म्हणाली, "पांढराच हाय की ओ!" व्याहीही तेच म्हणाले, तर मी त्यांनाच डोळे तपासायला सांगितलं. चाळीस वर्षांत अंबूच्या पांढऱ्या रश्श्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं पिशवी भरली आणि वडगावची एसटी धरली.

गेल्या मंगळवारी नाडी दोन ठोके टाकून तिसऱ्याला दांडी मारायला लागली. जिन्यात अंधारी आली. दवाखान्यात कळलं, ठोके सुधारायच्या गोळीनंच ठोके बिघडवलेत, आणि पिवळं दिसणंही तिचीच करणी. चार दिवस छातीला तारा लावून पडलो होतो. खरं सांगतो, भ्यालो. तरी पोराला बजावलं, आईला कळवायचं न्हाय. आजारपण ऐकून ती धावत येईल, पण मनातला राग तसाच राहील.

आता बरा आहे. भिंत पांढरी दिसते.

आपला,
केरबा

ता.क. आजाराचं अंबूला एक अक्षर सांगू नका.

ता.क. दुसरा. तुमचा चष्मा कधी सापडत नाही, अंबू तिथं असली की पत्रं तीच वाचून दाखवते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तर अंबू, रस्सा पांढराच होता. चुकलं माझं. घरी ये.