चौकोन आला की

बेलापूर,
७ ऑगस्ट १९९९

प्रिय सम्राट,

जय भीम. पत्र मीच लिहिते आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. शाळा चौथीत सुटली, अक्षर वाकडं आहे, तरी शेवटपर्यंत वाच. फोनवर तू "बरं आई, ठेवतो" म्हणतोस आणि माझं तोंडातलं तोंडातच राहतं.

आधी कंपूटरचं सांगते. चांगला चालतोय. सकाळी खुरपायला निघताना मी बटन दाबते, मग तो आपला आपण एकामागून एक गाणी लावतो. दादांनी गायन पार्टीत म्हटलेली, तू कॅसेटवरून भरून दिलीस ती सगळी. अर्धांगानं त्यांची वाचा गेली तेव्हा तूच म्हणालास, दादांचा आवाज दादांनाच ऐकवू, तू कामाला गेलीस तरी त्यांना एकटं वाटणार नाही. शेजारीपाजारी मी ते किती मिरवलं! दगडाबाई म्हणाली, "बाई, तुझ्या पोरानं बापाला पेटीत घातला की गं!" तेव्हा मी हसले.

पण त्या चौकोनानं जीव खाल्ला होता. गाणं रंगात आलं की पडद्यावर मधोमध तो इंग्रजी चौकोन यायचा आणि आवाज बंद. नवीन प्रोग्राम निघालाय, घेता का म्हणून विचारतो, असं तू सांगितलंस. अरे, जुन्याला काय धाड भरली होती? आणि विचारायचं कुणाला, तर ज्याला बोलता येत नाही त्याला! दुपारी एकला मी घरी यायची तर चौकोन तसाच, आणि दादा डाव्या पायानं खाटेला लाथा घालतायत. एकदा मी त्यातलं एक बटन दाबलं, तर तो नवीन प्रोग्राम आणायला फोनची तार शोधत बसला. आपल्या घरात फोन कुठला! मग तू दटावलंस, कशाला हात लावू नको, गाणी उडतील. तेव्हापासून चौकोन आला की मी छगनच्या एसटीडीवर जायची आणि तू रविवारी यायचास.

दोनदा आलास. एक बटन दाबलंस, बोंबलाचं कालवण खाल्लंस आणि तीनच्या गाडीनं परत पुण्याला. दुसऱ्या वेळी दादांनी तुझं मनगट धरलं, तर घड्याळ बघायला ते तू सोडवून घेतलंस. मी चुलीपाशी होते. पाहिलं मी.

तिसऱ्यांदा श्रीरामपूरचा गोरक्ष पाठवलास, कंपूटर दुरुस्तीवाला. दोष तुझ्या एकट्याचा नाही, मीच फोनवर ओरडले होते, ती पीडा एकदाची काढ म्हणून. त्यानं फ्लॉपी घातली, पाच मिनिटं टकटक केलं आणि म्हणाला, "मावशी, आता जन्मात येत न्हाई." खरंच नाही आला. दोन महिने होत आले. तूही नाही आलास. फोनवर म्हणालास, आता काही टेन्शन नाही ना, आई?

टेन्शन कसलं! गाणी वाजतात. पण दादा ऐकत नाहीत रे. नुसते पडद्याकडे बघतात. घास भरवते तोही नजर न काढता घेतात. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. दोनदा मी त्यांच्या अंगावर ओरडलेही. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

परवा पावसामुळे कामाचा खाडा होता, मी घरातच. लाईट गेली, आली. मशीन पुन्हा चालू केलं तर गाण्याच्या आधी निळा पडदा आला, त्यावर इंग्रजी अक्षरं. दादांनी खाटेला लाथ घातली. मी वळून पाहिलं तर ते हसत होते. अर्धंच तोंड हसतं त्यांचं, पण हसत होते. डाव्या हातानं दार दाखवत होते, मग माझ्या चपला. जा, छगनकडे जा, चौकोन आलाय, पोराला बोलव.

सम्राट, त्या लाथा रागाच्या नव्हत्या. इतके महिने मी रागाच्या समजले.

मग निळा पडदा आपोआप गेला, गाणं सुरू झालं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांचाच आवाज घरभर, आणि ते त्याच्याकडे पाठ करून पडलेले.

काल मी गोरक्षकडे जाऊन आले. चौकोन परत बसवता येतो का, विचारलं. तो हसला. "मावशी, लोक काढायला बोलावत्यात, बसवायला कुनी न्हाई." म्हणून तुला लिहिते. तू मोठा कंपूटरवाला, तुला येत असेल. ये आणि तो चौकोन परत बसवून जा. नाही जमलं तर बसवतोय असं दाखव. दर खेपेला एका मिनिटात उरकतोस, या खेपेला दोन दिवस लाव. आणि त्यांनी मनगट धरलं तर घड्याळ बघू नकोस. मी कुणाची वाट पाहत बसणारी बाई नाही. ते पाहतात.

तुझीच,
आई