संभाषण क्रमांक २१४

७ ऑक्टोबर, रेज्जो

न्यायाधीशांनी फोन चोरून ऐकायला आणखी पंधरा दिवस वाढवून दिले. म्हणजे टोळीवाल्या नतालेच्या घरचा फोन पुन्हा माझ्याच कानाला! सरकारी वकीलबाई खूश. "तुझी नोंदवही वाचली की भूक लागते गं!" — नतालेच्या घरी काय शिजलं तेही मी लिहिते ना. शेजारच्या खुर्चीवरून सावेरिओ कुजकटपणे, "आता पाककृतींचं पुस्तक काढ." मेला नियमांचा किडा! गेल्या वर्षी एका फोनची वेळ लिहायला चुकले, तर सरळ वर तक्रार केली होती माझी.

१२ ऑक्टोबर

नतालेची बायको मिम्मा आज तोरिनोच्या मावसबहिणीशी बोलली. चाळीस मिनिटं. पोरीला घेऊन पळणार आहे! पोर पंधराची, आणि नताले तिला दुसऱ्या टोळीच्या घरात द्यायला निघालाय. "सापडले तर तो मला जिवंत ठेवणार नाही, तेरेझिना." बहिणीने आपल्या नव्या घराचा पत्ता दिला. गल्ली, मजला, सगळं.

हे लिहू कशी? खटला उभा राहिला की वही आरोपीच्या वकिलाच्या हातात जाते. लिहिलं, "घरगुती. तपासाशी संबंध नाही."

१९ ऑक्टोबर

गेली! पोरीसकट.

४ नोव्हेंबर

नतालेला पकडलं. त्याचा भाऊ फरार. माझी वही नतालेच्या वकिलाकडे गेली.

९ नोव्हेंबर

वकिलाने एकाच संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची प्रत मागितलीय. २१४. मिम्माचं! कारकून हसत होता, "दीडशे पानांत तू गप्प बसलीस ती एवढीच जागा, बाई."

माझीच अक्कल! वांगी तळली, सासूला शिव्या दिल्या, असं काहीबाही खरडलं असतं तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. सरकारी वकीलबाईंकडे गेले. मिम्मा साक्षीदार नाही, प्रत अडवता येत नाही, म्हणाल्या. गुरुवारी देणार. जेवण गेलं नाही. भीती वाटतेय, नुसती भीती.

१० नोव्हेंबर

दुपारी कोपऱ्यावरच्या बारमधून तेरेझिनाकडे फोन लावला. मिम्मानेच उचलला. "पत्ता फुटलाय. आजच्या आज निघ." नाव सांगितलं नाही.

पण नतालेच्या फरार भावाच्या शोधासाठी तेरेझिनाचा फोनही परवापासून न्यायाधीशांच्या हुकुमाने ऐकला जातोय, आणि त्यावर ऐकायला सावेरिओ. सात वर्षं शेजारी बसतो. माझा आवाज ओळखायला त्याला अर्धं वाक्य पुरे. नोकरी तर गेलीच. कदाचित तुरुंगही.

११ नोव्हेंबर

सावेरिओ कॉफी प्यायला गेला तेव्हा त्याची वही उघडली. कालच्या त्या फोनपुढे त्याने लिहिलंय, "अनोळखी बाई. चुकीचा नंबर."