देवीचं ताट

॥ गावदेवी प्रसन्न ॥

मु. कोंडखार, तालुका अलिबाग
आषाढ वद्य अष्टमी, सन १९५७

कोंडाजी व्याही यांस भागोजीचा रामराम.

देवीच्या कृपेनं इकडे सगळी बरी आहोत. लावणी उरकली. या पावसात विहीणबाईंचे गुडघे कसे आहेत? पत्र घेऊन येणारा भिकू आमचा शेजारी. त्याच्याकडे करंजेलाची बाटली दिली आहे. कोमट करून चोळावं.

एक विनंती. आमच्या कोकिळेला नागपंचमीसाठी माहेरी पाठवावं. जमल्यास अमावास्येच्या आधीच पाठवा. तिची आई फार आठवण काढते. नातवालाही बरोबर द्या.

तुमच्या आडखाडीचा नवा बांध पावसात टिकून आहे, हे ऐकून बरं वाटलं. विकास योजनेचे साहेब म्हणत होते की दिवाळीनंतर आणखी नऊ गावांत असाच बांध घालायचा, कोंडखारच्या रीतीनं. एका गावाला जमलं ते साऱ्या किनाऱ्याला जमेल, असं ते म्हणतात. माणूस मनापासून बोलतो.

वरचं सकाळी लिहिलं. मग देवळात फूल वाहून आलो आणि पुन्हा बसलो. नागपंचमी तर अमावास्येनंतर येते, मग हा पोरीला आधी का बोलावतो, हे तुमच्या मनात आलंच असेल. व्याही, मला भीती वाटते आहे.

गेल्या पुनवेच्या उधाणाला मी आमच्या बांधावर होतो. आमच्या खाडीचं तोंड अरुंद, तुमच्यासारखंच. भरतीचं पाणी आत शिरून फुगतं आणि कोपऱ्यात चढतं. त्या कोपऱ्यात देवीचं शेत आहे. तिथं कोणी पेरत नाही, कोणी पाय ठेवत नाही. त्या शेतासमोरच्या बांधावर चिखलाची पाटीही टाकायची नाही, असा जुना नेम. त्यामुळे तेवढा बांध हातभर ठेंगणा राहिला आहे. पाणी त्यावरून आत उतरलं, शेत भरलं, ओहोटीला बांधातल्या उघाडीच्या दारातून निघून गेलं. बाकी बांधाचा माथा कोरडा. शेजारची गोदूबाई म्हणाली, "आईचं ताट वाढलं गो! जेवली, आता नाय कुणाला खायाची."

हे मी लहानपणापासून ऐकतो आणि हात जोडतो. त्या दिवशी हात जोडता जोडता तुमचा बांध डोळ्यांसमोर आला.

तुमच्याकडे मी सगळं शिकवलं. चिखल कसा मळायचा, दगड कसे कलते बसवायचे, घरटी एक माणूस पाळीनं कसा द्यायचा. देवीच्या ताटाचं बोललो नाही. विसरलो नव्हतो. तुमच्या गावात आपली आगरी घरं, नामा कोळ्याची आळी, हुसेनभाईंचा मोहल्ला. त्यांच्यावर आमची देवी कशाला लादायची, ज्याचा देव त्याच्यापाशी, असं मला वाटलं. ती पूजा आहे एवढंच मी समजत होतो. तो बांधाचाच भाग आहे हे माझ्या ध्यानात आलं नाही.

नारळ फोडला त्या दिवशी हुसेनभाई हसले होते, आठवतं? "भागोजी, बांध येवढा सरल केलास, दर्याला वाटंल पायरीच हाय. चढून येल वर!" सगळ्यांबरोबर मीही हसलो. ते खरंच बोलले होते. सारखा उंच बांध आहे. पाणी चढलं तर सगळीकडून चढेल, आणि जिथं माती कच्ची तिथं फुटेल. मग त्या वाटेवर कोणाचं घर आहे हे ते बघत नाही.

साहेब दौऱ्यावर आहेत, महिनाभर येत नाहीत. अमावास्येचं उधाण तोवर थांबणार नाही.

उपाय एकच. कोपऱ्यातल्या एका शेताला आधी आतून कमरेइतका बांध घालायचा. तो झाल्यावरच समोरचा मोठा बांध हातभर उतरवून वर दगड बसवायचे. ते शेत दर्याला द्यायचं. तिथं पुन्हा भात होणार नाही.

जुन्या माणसांनी ती जागा देवीच्या नावावर का ठेवली, ते आता कळतं. माणसाच्या नावावर असती तर त्यानं एका वर्षात बांध वर उचलला असता. तुमच्या गावात सगळ्यांची म्हणावी अशी देवाची जागा नाही. तिथं माणसालाच द्यावं लागेल.

कोपऱ्यातलं शेत कोणाचं, हे लिहिताना पेन थांबतं. तुम्ही आयुष्यभर उरणला दुसऱ्याच्या मिठागरावर मीठ ओढलंत. यंदा प्रथमच त्या कोपऱ्यात, स्वतःच्या जमिनीत रोप लावलंत, आणि त्या दिवशी मला मिठी मारलीत. माझ्या खाचराचा अर्धा भात दर वर्षी तुमच्या घरी येईल. पण तो तुमच्या शेतातला नव्हे, हे मला समजतं. राग माझ्यावर काढा. कोकिळेला काही बोलू नका, तिला यातलं ठाऊक नाही.

तिला पाठवा असं वर लिहिलं आहे. ती ओळ खोडणार होतो, पण राहू दे. मी सर्वांत आधी कोणाचा विचार केला ते तुम्हाला दिसू दे. तिला पाठवू नका. मी माझी तेवढी पोर काढून नेली, तर नामाची, हुसेनभाईंची पोरं कोणाच्या भरवशावर निजतील? अमावास्येला गावातली सगळीच बायकामुलं टेकडीवरच्या शाळेत न्या. त्यांतच तीही जाईल.

मी एकादशीला फावडं घेऊन येतो. तुम्ही हो म्हणालात, तर मोठ्या बांधाचं पहिलं ढेकूळ मी काढीन. नाही म्हणालात, तरी परत फिरणार नाही. त्या भरतीला तुमच्या शेजारी बांधावर उभा राहीन.

देवीकडे मागायचं ते तुमच्याकडे मागणारा,
भागोजी