गोळीच्या मळमळीचे पेढे

आदरणीय रत्नमाला आत्या,

सप्रेम जयभीम. तुमचा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, आणि कापूस वेचायला बायका मिळाल्या का, ते कळवा. माझ्या तब्येतीचं विचाराल, तर गारखेड्यातल्या आमच्या गल्लीला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. (फोन केला नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात एकटीनं बोलता येत नाही.)

माझं एम.ए. होईपर्यंत मूल नको, असं मी आणि अभयनं लग्नानंतर लगेच ठरवलं होतं. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून साधनही मी अभ्यास करूनच निवडणार होते. आरोग्य केंद्रातली सगळी पत्रकं वाचली. विहारात बायकांपुढं 'शरीर आपलं, निर्णय आपला' असं भाषणही केलं. निरोध आणायचं अभयनं कबूल केलं; पण मेडिकलवाला त्याच्या वडिलांचा मित्र निघाला, म्हणून तो खोकल्याचं औषध घेऊन परतला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तांबी बसवायची माझीच हिंमत झाली नाही (भाषणात मात्र मी ती बिनधास्त बसवा म्हटलं होतं).

मग गोळ्या सुरू केल्या. रोज सकाळी मळमळ, उलट्या. मोरीतला आवाज ऐकून सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढे वाटले. मी अभयकडं पाहिलं, अभयनं पेढ्याकडं. तुझी आई आहे, तूच सांग, म्हटलं तर म्हणतो, बायकांची गोष्ट आहे, तूच सांग.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद करून इंजेक्शन दिलं. मळमळ थांबली, पुढं पाळीही थांबली. अंग भरलं. म्हणजे गर्भ राहू नये म्हणून मी जे जे केलं, त्यातून तो राहिल्याचीच लक्षणं दिसत गेली. वर मन सारखं उदास. परवा भाकरी छान फुगली, तरी रडू आलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरगीच हाय बघ. पोरीच्या बारीला लई रडू येतंय." मी डोळे पुसले, आरोग्य केंद्रातला तक्ता आणला आणि साधनं, दोन मुलांतलं अंतर, सगळं समजावून सांगितलं (मी स्वतः इंजेक्शन घेते, एवढं सोडून). त्यांनी शेवटपर्यंत नीट ऐकलं. "व्हय, व्हय. दुसऱ्या बारीला बघू."

त्याच दुपारी त्या माझ्या तळपायांना तेल चोळत बसल्या. त्यांची पाच बाळंतपणं झाली. मूल हवं का, असं कुणी एकदाही विचारलं नाही, पाय चोळणं तर लांबच. हे त्या हसत हसत सांगत होत्या. मी पाय ओढून घेतले, तर म्हणाल्या, "गप पड गं. माझी हौस हाय ही." आत्या, मी पाय पुन्हा पुढं केले. साऱ्या बायकांसाठी बोलणारी मी, या एका बाईशी खोटं वागते आहे. खरं सांगितलं तर त्यांचं मन मोडेल, गल्लीत मान खाली जाईल. नाही सांगितलं तर रोज खोटं वाढतं, आणि पोट वाढत नाही.

उद्या सकाळी सगळं खरं सांगणार आहे. ठरलं.

तुमची,
सरिता

ता. क. उद्या जमणार नाही. सासूबाईंनी धुणीभांडी माझ्याकडून काढून घेतली आहेत आणि आतली खोली मला विश्रांतीसाठी दिली आहे. जन्मात पहिल्यांदा सलग अभ्यास होतो आहे. पुढच्या महिन्यात परीक्षा झाली की नक्की सांगते. तेव्हा तुम्ही माझ्याशेजारी बसा.

आणखी एक. रविवारी सासूबाई देवगावला तुमच्याकडं येत आहेत. पोट अजून का दिसत नाही, असं विचारतील. आपल्या घराण्यात पहिलटकरणीचं उशिरा दिसतं, एवढं सांगा.