उघडा फेर

ब्रेजो दा गार्सा,
१ सप्टेंबर २००३

चि. लेउझा हिस,
मोठ्या बहिणीने लिहायचे असतात म्हणून आशीर्वाद.

काल अदाउतो ट्रक घेऊन पाल्मासहून आला आणि सामान उतरवायच्या आधी तुझी बातमी उतरवली. झऱ्यावर आम्ही पाचसहा बायका बुरिती माडाचा दोरा धूत होतो, सगळ्यांसमोर. म्हणाला की माझ्या कानात जे सोनगवताचं कानातलं आहे ना, हुबेहूब तसली तुझ्या दुकानाच्या काचेत ओळीने टांगली आहेत, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, रचना एदिलेउझा. मी त्याला म्हटलं, तुला उन्हाने भोवळ आली असेल. त्याने आईची शपथ घेतली. शपथ त्याच्या आईची असली तरी मला माझीच आठवली.

तुला इथली रीत माहीत आहे, की तीही शहरात धुऊन टाकलीस? वीस तारखेच्या आधी पाणथळीतल्या सोनगवताला विळा लागत नाही. त्या दिवशी पहिली कापणी झाली, तुरे मोडून बी जागेवर टाकलं, की सगळ्या बायका आंब्याखाली बसतात. वर्षभरात जिने काही नवीन शिवलं असेल ती उठून सांगते, पाण्याकडून काय घेतलं, मातीकडून काय घेतलं, कोणत्या बाईकडून काय घेतलं. सांगून झालं की ती वीण सगळ्या गावाची. त्याच्या आधी ती कोणाचीच नाही, करणारीचीसुद्धा नाही.

मी यंदा सांगणार होते. आई गेल्यावर मी मागच्या झऱ्यावर जाऊन बसायचे. तळाची वाळू उकळते, वर गोल गोल फेर उठतात आणि काठाला येऊन विरतात. ते फेर मी घेतले. कडेचा उंच काठ दोरालिना मावशीच्या टोपलीवरून घेतला. त्यातलं एक माझ्या कानात आहे आणि दुसरं मी तुला डिसेंबरात पाठवलं होतं. ते मिळालं एवढंसुद्धा तू कळवलं नाहीस. आता कळलं का ते.

वीस तारखेला इथे यायचं आणि आंब्याखाली उभं राहून ही वीण कोणाची ते आपल्या तोंडाने सांगायचं. आईच्या मातीला आली नाहीस, प्रदर्शन होतं म्हणे. यंदा प्रदर्शन नसेल अशी आशा आहे.

तुझ्या लेकीला, जुसाराला, माझे मनापासूनचे आशीर्वाद. ते तुझ्या वाट्यात धरू नकोस.

बेनविंदा

~

पाल्मास,
९ सप्टेंबर २००३

ती. बेनविंदाताईस,
नमस्कार. चालत असेल तर घे.

तुझं पत्र दुकानात गिऱ्हाईक असताना आलं, त्यामुळे हसत हसत वाचावं लागलं. हसायला जमलंही. झरा तुझ्या नावावर केव्हा झाला ते कळवशील का? बाराव्या वर्षी तुम्ही मला मद्रिन्याकडे, माझ्या धर्ममातेकडे, पाठवून दिलंत, तोवर मीही त्याच झऱ्यात डुंबत होते. तो कोणाला बुडू देत नाही, खालची वाळू वर ढकलते, हे मी तुझ्या आधी पाहिलंय, कारण तुला काठावरून आत यायची भीती वाटायची. तू जन्मभर त्याच्या शेजारी राहिलीस आणि तुला तिथे फक्त धुणं दिसलं. मी इथे डांबरी रस्त्यावर डोळे मिटते आणि मला फेर दिसतात. मला सुचतं, तुला शिवता येतं. आईसुद्धा हे जाणून होती.

आता तुझ्या त्या थोर भेटीबद्दल. फडक्याच्या चिंधीत बांधलेलं एक कानातलं. एक! चिठ्ठी नाही, चकार शब्द नाही. मला वाटलं दुसरं ट्रकमधून पडलं. अदाउतोला विचारलं तर तो म्हणाला, एवढंच दिलंय. देतानासुद्धा निम्मं हातात राखून ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्याची पोच काय द्यायची?

होय, तुझ्यावरून मला सुचलं, हे मी नाकारत नाही. पण तुझं होतं जाडंभरडं. मी गवत बारीक घेतलं, वजन निम्म्यावर आणलं. आणि जी गोष्ट लोक बोट दाखवून मागतात ती तर पूर्ण माझी आहे. तुझ्या शेवटच्या फेरात नखाएवढी जागा शिवायची राहिली होती, घाईत असशील. त्या चुकीकडे बघता बघता मला कोवळा चंद्र दिसला, न मिटलेला. मी ती फट नीट, मुद्दाम ठेवली. आता नवऱ्या मुली तेच मागतात. बारशाला मद्रिन्या घालून जातात. आमची जुसारा डिसेंबरात लग्नात तेच घालणार आहे.

सोबत छापील पत्रक पाठवते. तुझ्या आंब्याखाली सगळ्यांना दाखव. मी येणार नाही, कापणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

राग पोटात ठेवू नकोस, तिथे कसाव्याच्या पिठालाच जागा कमी आहे.

तुझी धाकटी,
एदिलेउझा

~

ब्रेजो दा गार्सा,
२३ सप्टेंबर २००३

लेउझा,

यावेळी आशीर्वाद लिहीत नाही. हात उचलत नाही.

तुझं पत्रक उघडलं आणि नवरीच्या कानात ती फट पाहिली. मग पत्रक पिठाच्या डब्याखाली दडवलं आणि वीस तारखेला आंब्याखाली तोंड मिटून बसले. वीण सांगायला उठलेच नाही. मला वाटलं, निदान झाकलं तरी जाईल. पण अदाउतोने तसलीच गठ्ठाभर पत्रकं आणली होती, मुलं त्यांचे पंखे करून फिरत होती. एक दोरालिना मावशीच्या हातात गेलं. तिने ते डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं, मग माझ्या कानाकडे पाहिलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की या घरात सुतक नवरीच्या कानात घालायची नवी पद्धत निघाली आहे का.

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशी मला म्हणाली की आईमागे धाकटीला सांगायचं काम मोठीचं असतं, मग मी मोठी कशाला झाले. पन्नास बायकांसमोर म्हणाली. मला वाटत होतं की तुला माहीत आहे.

तर आता ऐक. ती चूक नव्हती. घरातली आई गेली की मुली एक जोड शिवतात, तिने शेवटच्या कापणीत स्वतः कापलेल्या गवताचा. एकेकीच्या कानात एकेक. म्हणून एक पाठवलं, निम्मं राखून नाही. शेवटचा फेर नखाएवढा उघडा ठेवायचा, वर्षभर. जाणाऱ्याला मागे वळून बघायचं असेल तर वाट असावी म्हणून. वर्ष भरलं की बहिणी समोरासमोर बसतात आणि ही तिचं शिवते, ती हिचं. स्वतःचं स्वतः कधी शिवायचं नाही. त्यानंतर आई गेली असं म्हणायचं. तोवर म्हणायचं नाही. मी पत्रात लिहून गेले, तीही चूकच.

ही उघडी वाट तू नवऱ्या मुलींच्या कानांत टांगलीस. बारशात टांगलीस. आपल्या जुसाराला तेच घालून वेदीपुढे उभं करणार आहेस. लाज शहरात विकत मिळत असेल तर थोडी घे.

वीण तुझी म्हण, माझी म्हण, मला आता त्याचं काही नाही. २७ नोव्हेंबरला वर्ष भरतं. मी पाठवलेलं ते कानातलं घेऊन त्या दिवशी इथे हजर राहा. माझंही तुझ्याशिवाय कोणाला बंद करता येत नाही, नाहीतर तुझी मनधरणी करायला मी इतकी कागदं नासली नसती.

बेनविंदा

~

पाल्मास,
४ ऑक्टोबर २००३

ती. बेनविंदाताईस,
नमस्कार, दुरून.

तुझं पत्र आल्यापासून काचेला पडदा लावला आहे. तेवढं मावशीला सांग. बाकीचं तुझ्यासाठी.

तुला वाटत होतं की मला माहीत आहे! कसं माहीत असणार? मी त्या घरातून गेले तोवर त्या घरात कोणी मेलं नव्हतं. ज्यांच्या घरी मरण होतं त्यांनाच तुम्ही हे शिकवता, आणि तेही घरात बसवून. मला घरात ठेवलं कोणी? मद्रिन्याकडे भांडी घासायला पाठवताना, शिकून मोठी हो, असं मला सांगितलं होतं. मी शिकले. सुतक तेवढं शिकवायचं राहिलं.

आणि मातीला आले नाही हे तू ट्रक ड्रायव्हरपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ऐकवलंस. प्रदर्शन होतं, खरं आहे. निरोप मला तिसऱ्या दिवशी मिळाला, हेही खरं आहे. तोवर तुम्ही आईला मातीत ठेवून, कॉफी पिऊन घरी परत आला होतात. तू दोन खऱ्यांतलं एकच सगळीकडे वाटत फिरतेस. त्या दिवशी मी दुकानाच्या मागे, खोक्यांमध्ये बसून किती रडले ते बघायला तू नव्हतीस, आणि मी तुला सांगणारही नव्हते.

एक ओळ लिहिली असतीस, ताई. चिंधीत बांधताना एक ओळ. हे आईच्या गवताचं आहे, उघडं राहू दे, वर्षाने ये. लिहिता तुला येतं, शिव्या तर पानभर देतेस. तू लिहिलं नाहीस, कारण मी चुकावं असं तुला वाटत होतं. चुकले. आता पोटभर खा ते.

आणि ते घेऊन ये म्हणतेस. काय घेऊन येऊ? ते कानातलं नाही. आलं त्याच आठवड्यात मी ते उसवलं. तू काठ कसा उचललास ते कळेना, म्हणून टाक्यामागून टाका काढत गेले, पार मधल्या गाठीपर्यंत. गवताचे तुकडे झाले, दोरा केराबरोबर गेला. मला वाटलं होतं, बहिणीचं एक जाडंभरडं कानातलं आहे, परत मागून घेऊ.

विकलेली मी घरोघर जाऊन परत आणू शकत नाही. जुसारा विचारते की मी तिच्या कानांकडे अशी का बघते. तिला काय सांगायचं ते तूच कळव, तुला सगळ्या रीती माहीत आहेत.

एदिलेउझा

~

ब्रेजो दा गार्सा,
२ नोव्हेंबर २००३

लेउझा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उसवलं हे वाचलं त्या दिवशी कोंबड्यांवर ओरडले, अदाउतोवर ओरडले, दोरालिना मावशीवरसुद्धा ओरडले आणि ती निमूट ऐकून घेत होती, म्हणून आणखी ओरडले. त्यानंतर कागद घेतला की अशा अशा शिव्या सुचायच्या की तो चुलीत घालावा लागायचा. हा चौथा आहे.

ओळ लिहिली नाही हे खरं. तू चुकावंस म्हणून नाही. तू ते हातात घेऊन ओळखावंस आणि धावत यावंस म्हणून. फडकं आईच्या डोक्यावरच्या रुमालाचं होतं. तेही तुला कळलं नाही, आणि आता तुझ्यावर चिडायचं की स्वतःवर, ते मला ठरवता येत नाही, म्हणून दोघींवर चिडते.

तुझ्यासाठी दुसरं शिवता येणार नाही. आईने कापलेलं गवत त्या दोनांतच संपलं. झऱ्यावर जाऊन काठ्यांनी वाळू ढवळून पाहिली, तुझ्यासारखं असं काहीबाही सुचायला लागलंय मला, पण तिथे गवत मिळत नाही.

विकलेल्यांच्या मागे धावू नकोस. घालू देत. मरण प्रत्येक घरी येतं, त्यांना घाई झाली असं समजू. काचेत मात्र पुन्हा टांगू नकोस. जुसारासाठी यंदाच्या गवताचा जोड शिवला आहे, शेवटचा फेर पूर्ण मिटलेला, दोन्ही कानांसाठी दोन. अदाउतोबरोबर पाठवते. तिला सांग की बेनविंदा मावशीने हात राखून दिलेलं नाही.

पुढच्या कापणीला ही वीण तुला सांगावी लागेल. उभं राहायचं आणि नीट, मोठ्याने सांगायचं. फेर झऱ्याकडून घेतले, काठ दोरालिना मावशीकडून, बारीक गवताची कल्पना तुझी, फट आईकडून. मी शेजारी बसेन आणि एक शब्द चुकलीस तर सगळ्यांसमोर टोकेन.

पण त्याच्या आधी २७ तारीख आहे. अदाउतोचा ट्रक पंचवीस तारखेला पाल्मासहून निघतो. पुढे बस, मागे धूळ फार. सुई स्वतःची आण, माझी मी कोणाला देत नाही. माझं कानातलं तू बंद करशील, दुसऱ्या कोणाच्या हाताने ते होत नाही. तुझं बंद करायला माझ्यापाशी काही नाही. मी इथल्या बायकांसारखी उठून पेकीच्या फळांचा भात टाकायला जाईन आणि आई गेली असं म्हणेन. तुला ते कधीच म्हणता येणार नाही. वाट तुझ्याकडे उघडी राहिली, जन्मभर. हे मी तुला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

फक्त आई कधी मागे वळली, तर तुझ्याकडेच येणार, माझ्याकडे नाही. तेवढं लक्षात ठेव आणि दार लावून घेऊ नकोस.

लोभ नसला तरी चालेल, पण यावे.

बेनविंदा