वाढप्याशिवायची पंगत

सर, आज दवाखान्यातला नवा सर्व्हर सुरू झाला आणि त्यात मी तुमची मांडणी मोडली. हे माझ्याच तोंडून तुम्हाला कळावं असं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चुगली करायलाही कुणी उरलेलं नाही. पण तुमच्या हाताखाली काम शिकलेल्या माणसाला न विचारता काही बदलायची सवयच नाही. एखादी केबल जरी जागची हलली तरी तुम्ही चष्म्यावरून बघत विचारायचात, "कोणाले इचारून?"

आमचा दवाखाना ट्रस्टचा आहे. पिंपळगाव राजा गावाकडची माणसं सकाळच्या पहिल्या गाडीने येतात आणि केस पेपरच्या खिडकीपुढे उभी राहतात. जुन्या सर्व्हरने त्यांचा फार छळ केला. खिडकीवरची ताई नाव टाइप करायची, पडद्यावर चक्र फिरत राहायचं, आणि तापाचं लेकरू खांद्यावर घेतलेली बाई चक्र थांबायची वाट बघायची. आत एक्स-रेच्या फोटोंची साठवण चालू असली की बाहेर रांग गोठलीच म्हणून समजा. शेवटी ट्रस्टने नवा सर्व्हर घेतला, आठ डिस्कचा. कोणत्या डिस्कवर काय ठेवायचं ती वाटणी माझ्याकडे आली. एकदा त्यावर माहिती चढली की वाटणी बदलणं म्हणजे भरलेलं घर रिकामं करून पुन्हा भरणं. त्यामुळे सोमवारची खिडकी उघडायच्या आत काय ते ठरवायचं होतं. चुकलं असतं तर ती बाई आणखी काही वर्षं तशीच उभी राहिली असती.

माझ्या डोळ्यांपुढे अर्थातच आपली कापसाची जिनिंग मिल आली. मी तिथे नवीन होते आणि माझ्या हुशारीवर मी फार खूश होते. सगळ्या डिस्क जोडून मी एकच मोठा साठा केला आणि बघा केवढी जागा निघाली, म्हणून तुम्हाला दाखवायला आले. तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. वजनकाट्यावरची पावती निघता निघेना आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. तुम्ही मला खिडकीशी नेऊन उभं केलंत. "तू जागा पाहून राह्यली. तिकडं माणसं थांबून राह्यली, ते पाय." एवढंच बोललात आणि काट्याकडे निघून गेलात. मला रडू आलं होतं, आणि रागही आला होता. एवढं लागलं होतं, तर चूक काय ते सांगा ना.

ते तुम्ही सांगितलंत साखरखेर्ड्याच्या भंडाऱ्यात. आपण पंगतीत बसलोय, पानावर वांग्याची भाजी पडलीय, रोडगे यायचेत. तुम्ही कोपराने मला ढोसता. "तो वरणवाला पाय. बकेट घेतली अन् सरळ चालून राह्यला. कोणाकडं पाहत नाही. म्हणून भराभर होते त्याचं." मग दुसऱ्याकडे बोट करता. त्याला कुणी इकडून रोडगा मागतंय, कुणी तिकडून, आणि तो नुसता धावतोय. "आता याच्याच हातात वरणाची बकेट दे. काय होईन?" मी म्हणते, दोन्ही पंगती उपाशी राहतील. "हाव. डिस्कचं तसंच आहे. आतमधी एकच वाढपी रायते." तबकडीवर सरकत लिहिणारं-वाचणारं डोकं, त्याला तुम्ही वाढपी म्हणायचात. प्रत्येक व्यवहाराची आधी जी ओळीने नोंद होते, ती लॉग म्हणजे तुमचा वरणवाला. आणि जी माहिती हवी तिथून उचलावी लागते, ती रोडग्यांची धावपळ. दोघांना वेगळ्या डिस्क द्यायच्या. दुसऱ्या दिवशी आपण तसं केलं आणि काटा मोकळा झाला. त्यानंतर मी जिथे जिथे नोकरी केली तिथे तुमची पंगत मांडली, आणि एकदाही पस्तावले नाही.

इथेही तीच मांडली. दोन डिस्क लॉगला, चार रुग्णांच्या माहितीला, दोन फोटोंना. मग तुमच्याच पद्धतीने चाचणी घेतली. खोक्यावर छापलेल्या वेगावर विश्वास नाही. खिडकीवरच्या ताईला, औषधवाल्याला आणि एक्स-रेवाल्याला रविवारी बोलावलं आणि सगळ्यांना एकदम काम करायला लावलं. चक्र पुन्हा फिरायला लागलं. पाहिलं तर माहितीच्या चार डिस्कना श्वास घ्यायला फुरसत नाही आणि लॉगच्या दोन डिस्क हातावर हात धरून बसलेल्या.

सर, या नव्या डिस्कमध्ये फिरणारी तबकडी नसते आणि तिच्यावरून सरकणारं डोकंही नसतं. तुमचा वाढपीच नसतो. मग कुणाला कुणापासून वेगळं करायचं? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, चांगलं ठाऊक होतं. तरी हात आपोआप तिकडे गेला. ही चूक तुमच्या शिष्यांशिवाय कुणी करणार नाही. आणि ती दिसल्यावरही मी ऐकलं नाही. तुमच्याच मांडणीत इकडचं तिकडे करून चाचणी पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. ताई कंटाळली. "मॅडम, काऊन तेच तेच करून राह्यल्या? मले घरी सैपाक आहे." मग मात्र मी आठही डिस्क एका साठ्यात घेतल्या, म्हणजे तेच केलं ज्यासाठी तुम्ही मला झापलं होतं. एका गोष्टीवर मात्र अडून राहिले. डिस्कच्या जोड्या लावल्या, एकीवरचं सगळं दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी काम थांबायला नको. अर्धी जागा त्यात गेली. ट्रस्टचे अध्यक्ष कुरकुरले, त्यांना कुरकुरू दिलं. पुढच्या चाचणीत चक्र दिसलंच नाही.

तुम्ही असता तर दोन दिवस गप्प राहिला असता आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला असता, "दाखव बरं पुन्हा." मला तुम्हाला ते दाखवायचं होतं. तुमचा जिनिंगमधला शब्द तेवढा आजही खरा ठरला, थांबलेली माणसं पाहायची. तो पाळला म्हणून तर बाकीचं मोडावं लागलं. हे असं नीट मांडून सांगितलं की बरोबर वाटतं, तरी घरी आल्यापासून मी मनात तीच चाचणी पुन्हा पुन्हा घेतेय. तुमची एवढी आठवण तुम्ही गेलात त्या वर्षीही आली नव्हती.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. पण एक कबूल करते. आज सकाळी खिडकी उघडली तेव्हा मी ताईच्या मागे उभी होते. पहिली एक म्हातारी होती. नाव सांगून ती सवयीने बाकाकडे वळली, तोवर ताईने पेपर पुढे केला. "घ्या आजी, झालं तुमचं." आजी गोंधळून बघत राहिली आणि मागची रांग हसली. मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात आलं ते एवढंच, की एकदा तरी अडकायला हवं होतं, म्हणजे तुमची पंगत खरी ठरली असती.