बकारीचं झाड

उफुओनी,
शुक्रवार, ९ सप्टेंबर १९९४

बकारी भाऊजींना वहिनीचा सलाम.

तुम्ही आणि घरची सगळी खुशाल असाल. इथे आम्ही बरे आहोत. माझा गुडघा दुखतो, पण ते नेहमीचंच. वारा अजून दक्षिणेचाच आहे, मासळी कमी येते. शाळेत माझ्या जागी आलेली मुलगी चांगलं शिकवते म्हणतात. हे पत्र शेबेच्या होडीतून फाझाला पाठवते आहे. पोस्टाने पाठवण्याइतका वेळ नाही.

ह्यांच्या दफनाला तुम्हाला पोचता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नका. निरोप तुमच्यापर्यंत जाईतो सगळं उरकलं होतं. जनाज्याला गाव लोटलं होतं. हॉटेलं, पेट्रोल पंप, बँक, सगळं बंद. खांदा द्यायला माणसं एकमेकांना ढकलत होती. ह्यांनी पहिल्या सहा खोल्या बांधल्या तेव्हा हीच माणसं पारावर बसून हसायची. 'समुद्राकाठी झोपायचे पैसे कोण देणार? तिथे तर मासेसुद्धा फुकट झोपतात!' त्यांच्याच पोरांची आज त्या किनाऱ्यावर दुकानं आहेत.

फमाऊने सांगितलं म्हणून लिहायला बसले. नैरोबीची एक कंपनी आमचं हॉटेल घ्यायला तयार आहे. तुमचं नारळाचं झाड मात्र त्यांना तिथे नको. त्या जागी त्यांना पोहण्याचा तलाव करायचा आहे. जमीन आमची असली तरी झाड तुमचं, म्हणून तुमचा शब्द हवा. दोन वडीलधाऱ्यांसमोर तुम्ही 'विकलं' म्हणालात की झालं. फमाऊ म्हणाला, 'आई, काकाला तू लिही. माझं पत्र तो फोडणारसुद्धा नाही.' सोमवारी कंपनीची माणसं येणार आहेत. तुमचा शब्द आला नाही तरी सोमवारी झाड पाडणार, असंही म्हणाला.

त्याचा निरोप तुम्हाला कळवला. आता माझं लिहिते.

तुमच्या बाबांनी तुम्हा दोघा भावांच्या नाळा पुरून त्यावर दोन माड लावले होते. वाडी मोकळी करताना ह्यांनी पहिली कुऱ्हाड घातली ती स्वतःच्या माडावर. त्याचा ओंडका अजून हॉटेलच्या दारात बाक म्हणून आहे. पाहुणे त्यावर बसून बुटातली वाळू झटकतात. बाकीच्या झाडवाल्यांना ह्यांनी एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाचा शब्द घेतला. तुम्ही तेवढे म्हणालात, 'दादा, तू उद्या समुद्रसुद्धा विकशील. माझं झाड विकायचं नाही.' आणि होडीत बसलात. मी तेव्हा दारात भाताचं ताट घेऊन उभी होते. तुम्ही जेवलाही नाहीत.

तुम्ही नंतर कधी आला नाहीत, म्हणून तुम्हाला हे माहीत नसेल. ह्यांनी जेवणाच्या व्हरांड्याच्या छपराला भलं मोठं गोल भोक ठेवलं आणि तुमचं झाड त्यातून वर जाऊ दिलं. मोंबासाचा मिस्त्री हसला. 'मालक, छप्पर गळेल.' हे म्हणाले, 'गळू दे. भाऊ आहे माझा.' पुढे हॉटेल वाढत गेलं, मजले चढले, पण ते भोक बुजवलं नाही. झाडाला कोणी हात लावायचा नाही असा हुकूम होता. नारळ पिकायला लागले की खालची टेबलं उचलायची, दोऱ्या बांधायच्या. एका इटालियन पाहुण्याने तक्रार केली तेव्हा त्यालाच म्हणाले, 'ते नारळ माझे नाहीत हो. मालक फाझाला असतात, त्यांना सांगा.'

खाली पडलेले नारळ पोत्यात भरून तुम्हाला होडीने यायचे. तुम्ही कधी उत्तर पाठवलं नाहीत, पण पोतंही कधी परत आलं नाही. हे म्हणायचे, 'बघ तिमा, बकारी माझ्याशी बोलतो.'

हे हृदयविकाराने गेले असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाही तोच निरोप आला असेल. तसं झालं नाही, भाऊजी. हे तुमच्या झाडावरून पडले.

सकाळची वेळ होती. मी स्वयंपाकघरात खोबरं किसत होते. आरडाओरडा ऐकून बाहेर आले तर हे वर. चढायला तुम्ही कोरलेल्या खाचा बऱ्याच बुजल्यात, तरी ह्यांनी त्यातच पाय रोवले होते. अंगात सदरा, डोक्यावर टोपी. खाली नोकर, पाहुणे, सगळे माना वर करून उभे.

फमाऊ ओरडत होता, 'बाबा, खाली या! लोक बघतायत!'

'बघू देत की! ह्या गावात फुकट बघण्यासारखं काही ठेवलंच नाही मी.'

लोक हसले. मीही हसले. ते अजून टोचतं.

'एका झाडासाठी एवढं? अख्खी वाडी तुम्हीच तोडलीत ना!'

'जी तोडली ती विचारून तोडली. ह्याचं विचारलंस का बकारीला?'

ह्यांनी आणखी वर सरकायला एक झावळी धरली. ती वाळलेली होती.

हे वर का चढले ते मी अजून लिहिलं नाही. झाडाखाली मोटारीची करवत घेतलेला माणूस उभा होता. मोटार सुरू होती. त्याला फमाऊने आणलं होतं. आपल्या मुलाबद्दल हे कागदावर लिहायला मला तीन आठवडे लागले.

तो वाईट नाही. रात्री उठून व्हरांड्यात जातो आणि त्या झाडाला शिव्या देतो. मला म्हणतो, 'आई, ह्या झाडाने माझा बाप मारला.' म्हणून तो तलाव त्याला कंपनीपेक्षा जास्त हवा आहे. झाडाचं नावनिशाण राहू नये, एवढंच त्याच्या मनात आहे.

काल त्याने त्या करवतवाल्याला पुन्हा निरोप धाडला. मी चटई घेतली आणि झाडाखाली येऊन बसले.

ह्यांच्या शोकाची माझी इद्दत चालू आहे, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही हे मला कळतं. फमाऊ धावत जाऊन मशिदीच्या मुअल्लिमांना घेऊन आला. ते म्हणाले, 'तिमाबाई, शोकातल्या बाईने असं बाहेर बसू नये.' मी म्हटलं, 'मुअल्लिम, जमीन माझ्या नवऱ्याची आहे. म्हणजे मी माझ्या घरातच आहे. झाड परक्याचं आहे, म्हणून मी त्याला टेकलेसुद्धा नाही.' म्हातारा मग फमाऊला म्हणाला, 'हिला पाणी आणून दे. उन्हात बसली आहे.' त्याने आणून दिलं. माझ्याकडे न बघता.

भाऊजी, विकायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन माणसांसमोर 'विकलं' म्हणालात तर मी चटई गुंडाळून आत जाईन आणि तुम्हाला कधी दोष देणार नाही. पण ते इथे येऊन म्हणा. आणि फमाऊला भेटाल तेव्हा आधी जवळ घ्या, मग काय बोलायचं ते बोला. बापाच्या मागे त्याला आता तुम्हीच आहात.

आणखी एक. ह्या खेपेला झाड फार लागलं आहे. नारळ पार पिकलेत, वारा आला की वर एकमेकांवर आपटतात. ते उतरवायचा हक्क तुमच्याशिवाय कोणाला नाही, आणि मी कोणाला उतरवू देणार नाही. सोमवारपर्यंत मी इथून उठणार नाही. पत्रही इथेच बसून लिहिते आहे.

तुमच्या पिकल्या नारळांखाली बसलेली,
तुमची वहिनी,
तिमा